पाचवं पाजणं

नझ्लत सन्त, मल्लवी
९ मे १९८१

बिंती रावया,

सलाम, खुशाली, सगळ्यांनी आठवण काढली आहे, हे सगळं मी लिहिलं असं समज. माझं एक अक्षर होईपर्यंत चहा निवतो, तेव्हा कामाचं तेवढंच लिहिते. तुझ्याच हट्टापायी आजीने म्हातारपणी पाटी धरली, आता वाकडीतिकडी अक्षरं वाचायची शिक्षाही तुलाच.

तू गेल्यावर बायका बसायला येत होत्या, आता थांबल्या. एतमादचे कपडे फौकियाने धुतले, घडी घालून पेटीत ठेवले. दोघी सख्ख्या बहिणी तुझ्या दोन भावांना दिल्या तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, जावाजावांची भांडणं तरी वाचली. भांडणं वाचली खरी. मोठीने धाकटीची ओढणी पिळताना मला बघवेना, म्हणून मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. कोंबड्यांनी सकाळीच खाल्लं होतं.

सब्री शेतावर जातो, येतो, जेवतो, बोलत नाही. हमदान मोठा भाऊ म्हणून त्याच्या वाटचंही बोलतो.

एतमादची पोर नगात आहे. ‘वाचलेली’ असं नाव ठेवलं तेव्हा तिची आई अजून होती. तिला डब्याचं दूध देतो. मल्लवीच्या डॉक्टरने लिहून दिलं. डब्यावर पिवळ्या केसांचं एक गुबगुबीत पोर काढलंय. आपल्या गावात तसं पोर जन्मलं असतं तर बापाने आधी शेजाऱ्याकडे बघितलं असतं.

फौकिया पाजत नाही, हे तू विचारायच्या आधीच सांगते. तिचा ताहिर आता रांगतो, दांडगा आहे, तिचं दूध त्यालाच पुरत नाही.

एक विचारायचं आहे. पोरीला दोन दिवस पातळ होतंय. मी शहाजिरं उकळून देते, पण उतार नाही. तू तिकडे आतड्यातल्या जंतूंचंच शिकतेस ना? मग एवढ्या शिक्षणातून एका पोरीच्या पोटापुरतं काढून पाठव.

तुझी सित्ती,
वहीबा

*

अलेक्झांड्रिया
१७ मे १९८१

लाडकी सित्ती,

तुझ्या हातांना सलाम. पत्र दोनदा वाचलं. एतमादच्या ओढणीपाशी आले की पुढे सरकता येत नव्हतं.

आधी कामाचं. रांजणातलं पाणी थेट दुधात घालू नको. खळखळ उकळव, झाकून निवू दे, मगच पूड कालव. बाटलीचं रबर नीट धुतलं जात नाही, तेव्हा बाटली सोड, वाटी-चमच्याने पाज. दूध पुरवायला पाणी वाढवू नको.

पण हे सगळं केलंस तरी डब्याचं दूध पोट भरेल, पोट राखणार नाही. आईच्या दुधात आणखी एक गोष्ट असते. पुस्तकात तिला विरोधी देह म्हणतात. मी दिवसभर काचेच्या नळ्यांतून त्यांच्याच मागे असते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. दुधातून बाळाच्या आतड्यात उतरतात आणि आत येणाऱ्या जंतूंना अडवतात. नव्या बाळाला ते स्वतःचे पुरेसे बनवता येत नाहीत. काही महिने त्याला दुसरीकडून घ्यावे लागतात, आणि घ्यायला जागा एकच, बाईची छाती.

लहानपणी म्हैस व्याली तेव्हा मी खरवस मागितला होता, आठवतं? तू चिकाचं भांडं माझ्या हातातून ओढून घेतलंस आणि म्हणालीस, आधी रेडकाचं पोट, मग तुझी जीभ. रेडकाचं तुला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि सित्ती, फौकियाला दूध पुरत नाही हे मला खरं वाटत नाही. मी आले होते तेव्हा पोर रडली की तिच्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग पडायचे. ती ओढणी पुढे घ्यायची. काय आहे ते खरं लिही.

मी स्वतःच आले असते. पण उन्हाळा लागलाय, इथले लहान मुलांचे वॉर्ड जुलाबाच्या पोरांनी भरलेत, आमच्या सगळ्यांच्या रजा बंद आहेत.

तुझी रावया

*

नझ्लत सन्त
२६ मे १९८१

रावया,

विरोधी देह वाचून मी हसले. असले दोन आपल्या घरात आहेत, तुझे भाऊ, एकाच ताटात जेवतात. पाणी उकळते, बाटली चुलीत घातली. रबर जळताना असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, काय शिजवतेस.

ओले डाग दिसले म्हणजे शिकून तुझे डोळे गेलेले नाहीत. तर ऐक. खोटं मी लिहिलं, कारण घरातली गोष्ट टपालातून जावी असं वाटत नव्हतं.

सुबूअच्या दिवशी, सातव्याला, आम्ही पोरीला चाळणीत घातली. मी कानाशी खलबत्ता वाजवला, आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस असं ओरडले, बायका हसल्या. एतमाद चाळणी ओलांडायला उठली तर पाय लटपटत होते. हात लावला तर अंग तापलेल्या भट्टीसारखं. आत नेऊन निजवली तेव्हा तिने फौकियाचं मनगट धरलं. म्हणाली, सब्री दुसरी आणील, आणू दे. पण माझी पोर आधी सावत्र हाताखाली आणि मग परक्या दारात, असं होऊ देऊ नकोस. तुझ्या ताहिरला करून घे. फौकियाने स्वतःच्या डोळ्यांची शपथ घेतली. त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक आहे.

आता पुढचं तूच जुळव. फौकियाने पाजलं की ती दूध-आई, ताहिर दूध-भाऊ. भावाशी बहिणीचं लग्न कोण लावणार? म्हणून ती पाजत नाही. बहिणीला दिलेला शब्द ती सांभाळतेय.

मी तिला म्हटलं, अगं, सून करायची म्हणून पोरीला उपाशी ठेवणारी सासू मी अजून पाहिली नव्हती. निदान लग्नापर्यंत तरी थांबतात. लेक करून घे ना. तर माझ्याकडे बघून म्हणाली,

“लेक जाते गं सित्ती. सून राहते. मी एतमादला राहणारी कबूल केलीय.”

मी पोर खांद्यावर घेतली आणि दुसरी पाजणारी शोधायला निघाले.

गावात पाजणाऱ्या दुसऱ्या आहेत, पण दारं लावून बसल्यात. बाळंतपणात गेलेल्या बाईची पोर उंबऱ्याच्या आत आली की आपलं दूध आटतं, असं त्यांचं म्हणणं. झकियाने तर माझी चाहूल लागताच आतून कडी घातली. तिच्या दोन्ही पोरांची नाळ मी कापलीय.

आणि फौकिया काय करते माहीत आहे? नगात रडली की हिचं दूध सुटतं. मग ही परसात जाते, भिंतीकडे तोंड करते आणि पिळून मातीत टाकते. त्या कोपऱ्यात आता मांजरं येऊन बसतात.

पोरीला पातळ होतंच आहे. मांड्यांची कातडी सुटलीय. तुझे ते देह पोटात जाऊन नक्की करतात काय? मला पटेल असं लिही. तुझी पत्रं मी एकटीच अक्षरं लावून वाचते, सब्रीला दिली तर त्याचे डोळे भरतात आणि ओळ चुकते. मला पटलं तर मी फौकियाला पटवीन.

वहीबा

*

अलेक्झांड्रिया
३ जून १९८१

लाडकी सित्ती,

फौकियावर रागावले होते. आता नाही.

तुला पटेल असं लिहिते. आपला गफीर बिश्री डोळ्यांसमोर आण. राखणीला गावाच्या तोंडाशी बाकावर बसतो, मांडीवर जुनी बंदूक. ती बंदूक कधी उडालेली कुणी ऐकली नाही. समज, चोर आला. बिश्री त्याला मारत नाही, फक्त त्याच्या झग्याची बाही घट्ट धरतो. दुसरा गफीर दुसरी बाही धरतो. बाह्या धरलेल्या चोराला घराच्या भिंतीला हात लावता येत नाही, आणि भिंतीला हात लागल्याशिवाय घर फोडता येत नाही.

आतड्याच्या भिंतीवर आतून बुळबुळीत थर असतो, थेट आपल्या मुलूखियाच्या भाजीसारखा. विरोधी देह त्या थरात उभे असतात. जंतू आला की त्याला धरतात, पाचदहा जंतूंची मोळी बांधतात आणि भिंतीला शिवू न देता खालच्या वाटेने गावाबाहेर काढतात. मारामारी नाही, जाळपोळ नाही, म्हणून आतडं सुजत नाही. रक्तात दुसरे आहेत, ते लढतात. पोटातले हे नुसते अडवतात. मला हेच जास्त आवडतात.

आता फौकियाच का, ते. बाई जे पाणी पिते, जी भाकरी खाते, त्यातून पोटात जाणाऱ्या चोरांची तिच्या आतड्याला तोंडओळख होते. ती ओळख तिथून तिच्या छातीकडे पोचते. मग दुधात उतरतात ते नेमके त्याच चोरांचे चेहरे ओळखणारे गफीर. फौकिया तुमच्याच रांजणाचं पाणी पिते, तुमच्याच परातीतली भाकरी खाते. नगातला जे जंतू छळतायत त्यांना फौकियाचं दूध नावानिशी ओळखतं. डब्यातलं दूध ज्या गायीचं आहे तिने आपला कालवा पाहिलेला नाही.

तेव्हा कसंही करून फौकियाला तयार कर. थोडं जरी मिळालं तरी पोरीला आधार होईल.

उद्यापासून आम्हाला नमुने गोळा करायला बाहेर गावांत पाठवणार आहेत, परत कधी येणार ते अजून ठरलेलं नाही. तू लिहीत राहा.

तुझी रावया

*

नझ्लत सन्त
१२ जून १९८१

रावया,

तुझं पत्र लावायला मला दोन दुपारी लागल्या, पण एक शब्द सोडला नाही. पटलं. असं आधीच लिहायचं होतंस. बिश्रीला सांगितलं, तू आमच्या नातीच्या पुस्तकात आलायस. तेव्हापासून तो ताठ बसतो.

तुझ्या पत्रावरून मी काय केलं ते ऐक आणि शाबासकी लिहून पाठव.

मी मशिदीतल्या शेख मबरूककडे गेले. विचारलं, परकी पोर किती प्यायली म्हणजे लेक होते? म्हणाले, पाच वेळा, पोटभर. मी विचारलं, आणि चार वेळा प्यायली तर? म्हणाले, चारपर्यंत ती पाहुणी. मी उठलेच. ते म्हणाले, हाज्जा, चहा तरी घ्या. मी म्हटलं, तुम्ही दिलंत तेवढं पुरे.

घरी आले आणि फौकियाला समोर बसवलं. म्हटलं, रावया लिहिते की तुझ्या दुधात गफीर आहेत, पोरीच्या पोटाच्या तोंडाशी बसवायचे आहेत. थोडं जरी मिळालं तरी चालेल असंही लिहिते. आपला बिश्री राजाच्या काळात बसवला, राजा गेला, पुढचे साहेब आले, गेले, बिश्री त्याच बाकावर आहे. गफीर एकदा बसला की कोण उठवतो? तू चारदा पाज. चार पहारेकरी बसतील. पाचव्यांदा जवळ घेऊ नकोस. पोर जगेल, तुझी शपथ शाबूत, सून ती सून.

ती उठली आणि छाती धुवायला गेली.

चार दिवस रोज सकाळी एकदा. पहिल्या दिवशी नगातने तोंड लावलं आणि डोळे असे उघडले जणू कुणी हाक मारली. दूध दोन्ही गालांवरून ओघळत होतं, सोडायला तयार नव्हती. हमदान दारात उभा राहून बघत होता. सब्रीने त्या दिवशी भाकरी मागून घेतली. मागून, म्हणजे तोंडाने बोलून.

तिसऱ्या दिवसापासून पोट बांधलं गेलं. लंगोटातली मुलूखिया संपली. काल आंघोळीत पाय मारत होती, माझ्या तोंडावर पाणी उडवलं. आईवर गेलीय.

चौथ्या दिवसाचं एक लिहायचं राहिलं. पोट भरून पोर झोपली होती. मी म्हटलं, दे इकडे. फौकिया देईना. पोर झोपेतच परत तोंड हलवायला लागली, आणि ही काही बाजूला करीना. मी ओढून घेतली. आणखी प्यायली असती तर ते चौथ्यातच धरायचं की पाचवं, याची पंचाईत झाली असती. फौकियाने झगा बंद केला आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवसाच्या भाकऱ्या खारट होत्या. सगळ्यांनी संपवल्या.

तर असं. तुझं डोकं, शेखची जीभ आणि माझी खटपट.

वहीबा

*

नझ्लत सन्त
२१ जून १९८१

रावया,

तुझं उत्तर नाही.

नगातला परत लागलं आहे. आधीपेक्षा जास्त. मल्लवीला नेली, त्यांनी मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, त्या पाण्याचा घोट घोट देतो. निम्मं आत राहतं.

मला वाटतं गफीर झोपले असतील. बिश्रीचं नाव घेतलंस तेव्हाच मला शंका आली होती, तो दुपारी झोपतोच. पण बसलेत ना आत, उठतील. किती दिवस लागतात उठायला ते लिही.

फौकिया खोलीच्या दारात उभी असते. आत येत नाही. सारखी एकच विचारते, सित्ती, अजून एकदा देऊ? मी सांगते, थांब, रावयाचं पत्र येऊ दे. चारांवर काम होत असेल तर शपथ कशाला मोडायची. ती मान हलवते आणि परसात जाते.

लवकर लिही. दोन ओळी लिही.

वहीबा

*

अलेक्झांड्रिया
२४ जून १९८१

सित्ती,

तार केली आहे, ती या पत्राच्या आधी पोचेल. ‘फौकियाने पाजत राहावं. अजिबात थांबू नये.’ ती मिळाली की हे पत्र वाचायला थांबू नका.

मी आज परत आले. तुझं बारा तारखेचं पत्र दाराखालून आत सरकवलेलं होतं, त्यावर धूळ बसली होती. मी नसताना किती दिवस ते तिथे पडून होतं मला माहीत नाही. खाली बसून वाचलं आणि तशीच तारघरात धावले.

सित्ती, ते बसत नाहीत. मी नीट लिहिलं नाही. ते बिश्रीसारखे नाहीत. त्यांच्यातला एकेक जण चोराची बाही धरतो आणि ती सोडत नाही. चोराला गावाबाहेर काढताना तो स्वतःही त्याच्याबरोबर बाहेर जातो. परत येत नाही. लंगोटात जे पडतं त्यात चोरही असतात आणि त्यांना धरलेले गफीरही. बाक रिकामा होतो. म्हणून प्रत्येक पाजण्याबरोबर नवे यावे लागतात, रोज, दिवसातून अनेकदा, पोरीचं आतडं स्वतःचे बनवायला शिकेपर्यंत. म्हणून आई पाजतच राहते. चार वेळांनी चार दिवसांचा पहारा मिळाला, तेवढाच.

‘थोडं जरी मिळालं तरी’ हे मी का लिहिलं? मला वाटलं, एवढं म्हटलं तर फौकिया निदान सुरुवात करील. एकदा जवळ घेतल्यावर ती थांबणार नाही, असं मी धरून चालले. तुझी मोजणी माझ्या डोक्यातच आली नाही. इथे राहून मी विसरले की आपल्याकडे पाच म्हणजे काय.

शपथेचं ओझं माझ्यावर टाका. ताहिर मोठा झाला की त्याच्यासाठी मी दहा मुली शोधीन. तिला लेक होऊ दे.

एकवीस तारखेनंतर काय झालं ते कळव. एकवीस तारखेचंही पत्र आत्ताच, याच धुळीत सापडलं.

रावया

*

नझ्लत सन्त
३० जून १९८१

बिंती रावया,

तुझी तार गुरुवारी आली. टपालवाला लबीब सायकल कालव्याच्या काठावर टाकून धावत आला. तारेचा कागद घडीत होता पण त्याचं तोंड बघून मला वाटलं, कुणी मेलं. त्याने दारातच मोठ्याने वाचली. फौकिया पीठ मळत होती. स्वतःचं नाव ऐकलं आणि उठली, बाकीची तार तिने ऐकलीच नाही. पिठाच्या हातांनीच पोर उचलली.

नगातला ओढायचं बळ नव्हतं. तोंड लागलं होतं, पण नुसतं लागलेलं. फौकियाने पिळून थेंब तिच्या ओठांवर सोडले. एक घोट गिळला. मग अजून एक. तिसरा तोंडाच्या कडेने पिठात मिसळून खाली आला. फौकिया सोडत होती, तो तसाच येत होता. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने ऐकलं नाही. दुपार कलली, अस्रची बांग झाली तेव्हा मी परत हात लावला.

तेव्हा तिने माझ्याकडे बघून विचारलं, “सित्ती, हे पाचवं धरायचं का?”

शेख मबरूक आले होते, त्यांना विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. दाढीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, हाज्जा, पोटभर व्हायला हवं असं आहे. पोर दोन घोट प्यायली.

मी म्हटलं, “शेख, तिचं पोट तेवढंच उरलं होतं. ते भरलं.”

ते खाली बघत होते. मग म्हणाले, धरा.

पोरीला आंघोळ फौकियाने घातली, ताहिरच्या वेळच्या कपड्यात गुंडाळली. मग सब्री आत आला. इतके दिवस धड भिंतीशीही बोलत नव्हता तो. पोरीला उचलण्याआधी फौकियासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “नेऊ का?” बाप असून तिला विचारलं. तिने मान हलवली तेव्हा उचलली. कबरीत एतमादच्या पायाशी जागा होती.

बायका आल्या त्या फौकियाभोवती बसल्या, आईभोवती बसतात तशा. झकियाही आली. मी तिला उंबऱ्यात अडवून म्हटलं, बघ हं, दूध आटेल. ती रडत आत गेली. मला बोलायला नको होतं असं हमदान म्हणतो. मला तसं वाटत नाही.

तुझं पत्र काल लावलं. शपथेचं ओझं तुझ्यावर टाका म्हणतेस. सगळं तूच उचलशील तर आम्ही काय रिकाम्या हातांनी बसायचं? तू गफीर लिहिलास, मी बिश्री वाचला. तुला वाटलं बाई सुरू झाली की थांबत नाही, आणि ती थांबत नव्हतीच, पोर मी ओढून घेतली. यात रडून लिहिण्यासारखं काही नाही. पण पुढे कधी कुणा बाईला लिहिशील तर गोष्ट लिहू नकोस. म्हातारीला गोष्ट सांगितली की म्हातारी त्या गोष्टीतच घर करते. काय करायचं ते लिही, आणि किती दिवस ते लिही. तुझ्या वॉर्डातल्या आयांनाही तसंच सांग.

ते मात्र तुझं मी विसरत नाही, की धरणारा चोराबरोबर स्वतःही जातो. ते मी फौकियाला सांगितलं. तिने विचारलं, सगळेच जातात? मी म्हटलं, रावया तसं लिहिते. मग ती म्हणाली, म्हणजे मी दिलेले चार दिवसांचे सगळे तिच्यापायी गेले. मी म्हटलं, हो. तिला त्यात काय बरं वाटलं कोण जाणे, पण त्या दिवशी जेवली.

ताहिरला दात आलाय, पिताना चावतो, तिने परवा त्याला धपाटा घातला. परसातल्या कोपऱ्यात मांजरं अजून येऊन बसतात. तिथे आता काही नसतं. मी चप्पल फेकते, ती थोडी सरकतात आणि परत बसतात.

तू आता धावत येऊ नकोस. रजा सुटली की ये. डब्याचं दूध अर्धं उरलंय, झाकण लावून फळीवर ठेवलं आहे, टाकवत नाही आणि कुणाला देववत नाही. तू आलीस की त्याचं काय ते कर.

फौकियाला मी तिची लेक करून दिली. लेक जाते, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

तुझी सित्ती,
वहीबा